वही, तराजू आणि दुकान

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे इतिहासात नोंद व्हावी असे ठिकाण नव्हे. जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जेथे येऊन मिळतो, तेथे एसटी थांबू लागली. एसटी थांबते म्हणून चहाचे हॉटेल आले, हॉटेलात माणसे बसतात म्हणून पानपट्टी आली, आणि मग पंक्चरवाला, खते-बियाण्यांचे दुकान, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती असा संसार वाढत गेला. मूळ गाव आत राहिले आणि फाट्यालाच नाव पडले. मराठवाड्यात असे फाटे शेकड्यांनी आहेत. त्यांचे एक वैशिष्ट्य मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. फाट्यावर सारे एके ठिकाणी मिळते, पण फाट्याला मालक नसतो. रस्ता सरकारचा आणि दुकाने दहा जणांची. एकाने चहाचे दोन रुपये वाढविले तर माणूस रस्ता ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसतो.

गेल्या दहा वर्षांत असाच एक फाटा आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. निरोपासाठी घेतलेले व्हॉट्सॲप आता केवळ निरोपाचे साधन राहिलेले नाही. शाळेचा गृहपाठ त्यावर येतो, दुकानदाराची यादी त्यावर जाते, लग्नाची पत्रिका आणि मर्तिकाची वार्ता एकाच चौकटीत उमटते. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यावरून पैसे पाठविण्याचा प्रयोग सुरू झाला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने त्यास रीतसर परवानगी दिली, ती आरंभी दोन कोटी ग्राहकांपुरती होती. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०२४ च्या अखेरच्या दिवशी ती पूर्णपणे उठविण्यात आली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जिओमार्टचा किराणा या खिडकीतून मागविण्याची सोय झाली. मुंबई, पुणे व नागपूर येथील मेट्रोची तिकिटे येथे मिळू लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत तर महाराष्ट्र शासनाने व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीशी करार करून, 'आपले सरकार'च्या सुमारे ५०० सेवा याच मार्गाने देण्याचे जाहीर केले. आंध्र प्रदेशाने त्याच्या महिनाभर आधी हेच पाऊल टाकले होते.

ही वाट प्रथम चीनने मळली. तेथील टेन्सेंट कंपनीचे वुईचॅट २०११ च्या जानेवारीत निरोपांसाठी निघाले, २०१३ मध्ये त्यात पैसे आले, आणि २०१७ पासून इतरांची छोटी छोटी दुकानेही त्याच्याच आवारात थाटली गेली. आज तेथे रिक्षापासून रुग्णालयापर्यंतचे व्यवहार त्यातून बाहेर न पडता उरकता येतात. अमेरिकेत ट्विटर विकत घेणाऱ्या धनिकाने २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून 'एक्स' केले, तेही 'सर्व काही येथेच' या महत्त्वाकांक्षेपोटी.

या सोयीला नाके मुरडण्यात अर्थ नाही. शहरातल्या बैठकीत बसून 'माणसे मोबाइलच्या आहारी गेली' असे म्हणणे सोपे आहे. फाट्यापासून तीन-चार किलोमीटर आत राहणाऱ्या शेतमजुराला एका दाखल्यासाठी तालुक्याला जाणे म्हणजे एका दिवसाचा रोज बुडविणे होय, आणि बहुधा एका खेपेत काम होत नाही ते वेगळेच. तोच दाखला हातातल्या यंत्रावर येत असेल तर त्याने तो का घेऊ नये? शिवाय या माणसाला दहा निरनिराळी ॲपे उघडता येत नाहीत, त्यांचे परवलीचे शब्द ध्यानात राहत नाहीत. व्हॉट्सॲप त्याला येते. जे येते त्यातच सारे मिळावे, ही अपेक्षा अडाणीपणाची नव्हे, व्यवहाराची आहे.

पण 'सारे एके ठिकाणी' ही गोष्ट आपल्या खेड्याला नवी नाही, हेही तितकेच खरे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी प्रत्येक मोठ्या गावात अशी एक जागा होतीच. तिला पेढी म्हणत. पेरणीला बी पेढीवरून मिळे, लग्नाला हातउचल तेथून मिळे, मीठ-मिरची-कापड तेथेच, आणि सुगी झाली की धान्यही तेथेच मापून टाकावयाचे. कुळाला गावाबाहेर पाऊल टाकावे लागत नसे. सावकार रात्री-अपरात्री दार उघडी, कागद मागत नसे, ओळखीवर देई. सोय म्हणून पाहिले तर त्या पेढीसारखी सोय सरकारी बँकेला पुढे कधीच साधली नाही.

मग कुळांनी त्या पेढ्यांवर चालून का जावे? १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दंगा उसळला आणि पाहता पाहता पुणे-नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते प्रसिद्ध आहेत. त्या दंग्यांत माणसे मारण्याचा सोस नव्हता. जमाव सावकाराच्या घरी जाई, आपले रोखे मागे, आणि ते मिळाले की चव्हाट्यावर जाळी. राग होता तो कागदावर. कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक होते. माल देणारा तोच, भाव ठरविणारा तोच, माप घालणारा तोच आणि वहीत जमाखर्च मांडणाराही तोच. कुळाजवळ ताडून पाहण्यास दुसरे काहीच नव्हते. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून दंग्यांची झळ इकडे पोचली नाही. पेढीची रीत मात्र इकडेही निराळी नव्हती.

त्यानंतर सरकारने जे केले ते या विषयाच्या दृष्टीने फार मननीय आहे. १८७९ च्या कायद्याने सावकारी बंद केली नाही. ती बंद करणे शक्यही नव्हते. दिलेल्या रकमेची पावती द्यावी, खात्याचा उतारा मागितल्यास द्यावा, खत नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हावे, अशी बंधने त्याने घातली. म्हणजे वही एकट्याच्या हातून थोडीशी बाहेर काढली. पुढे शेतमालाच्या बाजारपेठांचे नियमन आले. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने सर्व बाजार समित्या एका सूत्रात आणल्या. ज्यांनी सेलू, जिंतूर किंवा परभणीच्या मोंढ्यात कापूस वा तूर घातली असेल त्यांना ही व्यवस्था पाठ असते. आडत्या वेगळा, खरेदीदार वेगळा, मापाडी वेगळा आणि प्रत्येकाला स्वतंत्र परवाना. रुमालाखाली बोटे धरून होणारा सौदा गेला आणि उघडा लिलाव आला. बाजार समित्यांचे पुढे राजकारणाने काय केले हे सर्वांस ठाऊक आहे, आणि कडता काढण्याची खोड कायद्याने गेली असेही नाही. तरी त्या कायद्यामागचे तत्त्व खणखणीत होते: ज्याला माल घ्यावयाचा आहे त्याच्या हाती तराजू असू नये.

येथे कोणी म्हणेल की मग सारे सरकारनेच आपल्या हाती घ्यावे. तोही प्रयोग आपण करून चुकलो आहोत. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. सरकार हा एकच ग्राहक. व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीतून शेतकरी सोडविण्याचा हेतू उत्तम होता, पण खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, चुकारे हप्त्याहप्त्याने मिळू लागले, आणि बाहेर भाव चढा असला की याच भागातला कापूस रातोरात सीमेपलीकडे जाऊ लागला. दार एकच असले की त्याचा मालक कोण आहे याने अडचणीचे स्वरूप तेवढे बदलते.

आता खिशातल्या पेढीकडे वळू. तिच्या मालकाची वही कशी असते? निरोपातील मजकूर २०१६ पासून कुलूपबंद असतो, तो कंपनीलाही वाचता येत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो. कोणत्या दुकानाशी व्यवहार करतो. कोणता फोन वापरतो, ही नोंद मजकुराहून निराळी असते आणि व्यापाऱ्याला तिचेच मोल अधिक. २०२१ च्या जानेवारीत कंपनीने नव्या अटी पुढे केल्या. या प्रकारची माहिती मेटाच्या इतर शाखांशी वाटून घेण्यास मान्यता द्या, अन्यथा सेवा सोडा, असा त्यांचा एकंदर सूर होता. सोडून जावे कोठे? सारा गाव तेथे असताना एकट्याने दुसरीकडे जाणे म्हणजे ओसाड माळावर दुकान मांडणे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हीच गोष्ट ओळखून कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला आणि जाहिरातींसाठी अशी माहिती वाटून घेण्यास पाच वर्षांची मनाई केली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मनाई मात्र रद्द केली. दंडाचा आकडा मोठा वाटतो. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतले होते हे आठवले की तो तेवढा मोठा वाटत नाही.

आणि तराजू? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने आपल्या व्यापारी सेवेचे नियम बदलले. सर्वसाधारण प्रश्नांची उत्तरे देणारे इतर कंपन्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक २०२६ च्या १५ जानेवारीपासून व्हॉट्सॲपवर चालणार नाहीत, असे त्यांत ठरले. मेटाचा स्वतःचा साहाय्यक तेथे आधीपासून होताच. इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबरमध्ये तेथे या नियमास तात्पुरती आडकाठी केली. बाजाराच्या मालकाने स्वतःचे दुकान थाटावे आणि त्याच मालाच्या इतर दुकानांना ओट्यावरून उठवावे, हे आपल्या मोंढ्यात कोणी खपवून घेतले असते काय?

दहा वर्षांपूर्वी आपण हे खपवून घेतले नव्हते. फेसबुकने २०१५ मध्ये निवडक संकेतस्थळे फुकट दाखविणारी योजना भारतात आणली. तिच्या समर्थनार्थ वृत्तपत्रांत पानभर जाहिराती आल्या, आणि कंपनीच्या प्रमुखाने एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचाच दाखला दिला. या फुकट सेवेमुळे त्याला हवामान आणि बाजारभाव कळू लागले, असा त्याचा आशय होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ च्या फेब्रुवारीत असे भेदभावाचे दर निषिद्ध ठरविले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि त्या शेतकऱ्यास केवळ भावच नव्हे तर अवघे महाजाल परवडू लागले. दार अडविल्यामुळे गरिबाचे नुकसान होईल ही भीती निदान त्या खेपेस खोटी ठरली.

याहून बोलका दाखला पैशांचा आहे. भारतात व्हॉट्सॲप वापरणारे ५० कोटींच्या आसपास असल्याचे मानतात. एवढी गर्दी हाताशी असताना त्यावरून पैसे पाठविणारे थोडेच. बहुसंख्य लोक फोनपे आणि गुगल पे वापरतात. परवानगीची मर्यादा हे याचे एक कारण खरेच. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही कोणा एका ॲपची मालमत्ता नाही. फाट्यावरच्या हॉटेलात चिकटविलेला चौकोनी ठसा एका कंपनीचा असला तरी गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या ॲपमधून पैसे देऊ शकते. रस्ता सार्वजनिक, दुकाने अनेक, म्हणजे पुन्हा देवगाव फाट्याचीच रीत. त्या रस्त्यावरही दोन दुकाने फार मोठी झाली आहेत हे खरे, परंतु गिऱ्हाइकाला ती सोडता येतात. निरोपांच्या बाबतीत असा रस्ता आपण बांधलाच नाही. एका ॲपमधून दुसऱ्यात निरोप जात नाही. युरोपीय संघाने मात्र मोठ्या कंपन्यांवर २०२४ च्या मार्चपासून लागू केलेल्या कायद्यात इतर निरोप-सेवांना वाट देण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

हे झाले धोरणाचे. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा प्रश्न याहून जवळचा आहे. आज कार्यालयीन आदेश प्रथम गटावर येतो, कागद मागाहून येतो किंवा येतच नाही. पोषण आहाराची छायाचित्रे, हजेरीचे आकडे, प्रशिक्षणाची तारीख, सारे खासगी फोनवर, स्वखर्चाच्या डेटावर आणि रात्री दहा वाजता. निरोप 'पाहिला' याची निळी खूण उमटली की आदेश पोचला असे गृहीत धरण्यात येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वसुलीच्या एका प्रकरणात अशी खूण नोटीस पोचल्याचा पुरावा म्हणून स्वीकारली होती. उलट २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे राज्यांना बजावले. दोन्ही भूमिका आपापल्या ठिकाणी सुसंगत आहेत. पैसे चुकविणाऱ्याने फोनआड लपू नये, आणि ज्याच्या स्वातंत्र्यावर गदा येणार त्याला तरी फोनच्या भरवशावर सोडू नये. प्रश्न असा की, ज्याची शिष्यवृत्ती वा अनुदान जाणार, तो या दोहोंपैकी कोणत्या पंक्तीत बसतो?

याच फाट्यावर एसटीची वाट पाहत असता एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकिकत येथे देतो. घरात फोन एकच, वडिलांचा. उन्हाळ्यात ते ऊसतोडीहून परतले तेव्हा हाती पैसा नव्हता, म्हणून रिचार्ज राहिले. नंबर बंद झाला. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास देता येतो आणि तसाच तो गेला. त्याबरोबर वर्गाचा गटही गेला आणि अर्जाची मुदतवाढ झाल्याची सूचना तिला कळलीच नाही. फलकावर ती लावली नव्हती. 'सगळ्यांना गटावर टाकले होते,' असे कार्यालयाने सांगितले, आणि कार्यालयाच्या दृष्टीने ते खरेही होते. त्या मुलीचा रोष कोणावरच नव्हता. नंबर गेला म्हणजे आपणच यादीतून गेलो, हे तिने मान्य करून टाकले होते. मला खटकले ते तेच.

खाते केवळ रिचार्जअभावीच जाते असेही नाही. गैरवापराच्या संशयावरून कंपनी भारतातील लक्षावधी खाती दरमहा बंद करते आणि त्यांचे आकडे स्वतःच प्रसिद्ध करते. त्यांतील बहुसंख्य बंद होण्याच्याच लायकीची असतील. चुकून बंद झालेल्याने तक्रार अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद न लागल्यास २०२३ पासून केंद्राने नेमलेल्या अपील समितीकडे जावयाचे असते. मात्र हा सारा मार्ग महाजालावरूनच जातो. कधी कधी साऱ्या गावाचेच दार लागते. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले ते सुमारे सहा तास. त्याआधी २०२० च्या २९ जूनला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. सुरक्षिततेसाठी ती योग्यही असेल, पण टिकटॉकवर नाव कमावलेल्या खेड्यापाड्यांतील मराठी पोरांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला आणि त्यांना सोबत काही नेता आले नाही.

म्हणून शासनाने मेटाशी केलेल्या कराराला विरोध करण्याऐवजी त्याला जुन्या कायद्यांची शिस्त लावणे अधिक हिताचे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यान्वये अर्जदाराला पोच मिळते, मुदत ठरलेली असते, मुदत टळली तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोगापुढे जाता येते. व्हॉट्सॲपवरून केलेल्या अर्जाची पोच शासनाच्या नोंदवहीतील क्रमांकासह मिळावी, आणि तो क्रमांक घेऊन माणूस सेलूच्या तहसिलीत गेला तर तेथील कारकुनाला तो उघडता यावा. खाते बंद झाले, नंबर गेला, कंपनीने उद्या दर वाढविला (व्यापारी निरोपांना ती दर आकारतेच, आणि तो येथे कोणाच्या तिजोरीतून जाणार हे वेगळे सांगावयास नको), तरी अर्ज जिवंत राहावा. कराराच्या अटी नागरिकाला वाचावयास मिळाव्यात. आणि जी सूचना गटावर पडते ती कागदावर उतरून फलकावर लागावी. या शेवटच्या गोष्टीला ना करार लागतो, ना कायदा. शिपाई आणि चार टाचण्या पुरेशा आहेत.

त्या मुलीने पुढे नवा नंबर घेतला. गटात पुन्हा समाविष्ट होण्यासाठी तिला कार्यालयात एक अर्ज द्यावा लागला. तो मात्र कागदावर मागण्यात आला होता.